कोवळ्या मेंदूला हवा किती लागते?

वार्ताहराच्या धंद्यात बातम्या टिकत नाहीत. सकाळी छापलेली बातमी संध्याकाळी भज्यांच्या पुडीला जाते. टिकतात ते किस्से, म्हणजे संपादकांनी निळ्या पेन्सिलीने उडवलेला मजकूर! माझ्याकडे तो इतका साठलाय, की गप्पांत कोणी नुसतं "लोणावळा" म्हणालं तरी मित्रमंडळी दुसरा चहा आधीच मागवून ठेवतात. लोकांना लोणावळा म्हटलं की थंड हवा आठवते. मला वलवणच्या रस्त्यावरचा एक बंगला आठवतो आणि डोकं तापतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. पुण्याच्या एका दैनिकासाठी मी मावळ आणि लोणावळ्याच्या बातम्या पाठवत असे. या बंगल्यात मुंबईच्या एका शेठजींच्या देणगीतून 'मेंदू संशोधन मंदिर' निघालं होतं. संचालक होते एक रिटायर्ड सरकारी डॉक्टर. सगळे त्यांना रावबहादूर म्हणत, आणि कोणी नाही म्हटलं तर ते स्वतः आठवण करून देत. ते शनिवारी पुण्याहून यायचे, सह्या करायचे, जेवायचे आणि परत जायचे. काम करायच्या डॉ. मनोरमा दामले. विलायतेत शिकून आलेल्या, चाळिशीच्या आतल्या, आवाज हळू आणि जीभ तिखट. गावात त्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या हाताखाली अब्बासभाई. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचा सोडावॉटरचा कारखाना होता, तो बसला. "गॅसच्या नळकांड्याला न घाबरणारा माणूस पाहिजे," अशी चिठ्ठी बंगल्याच्या फाटकावर लागली आणि अब्बासभाई हजर झाले!

झालं तुमचं मंदिर. एक देव, एक पुजारीण आणि एक सोडावाला.

* * *

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चेष्टेच्याच मूडमध्ये होतो. आत बघतो तर पाण्याची एक मोठी टाकी, त्यात काचेच्या छोट्या कुप्या बुडवलेल्या आणि एक मोटर त्यांना सारखी हलवतेय. प्रत्येक कुपीला वर वाकडी नळी, नळीत रंगीत पाणी.

"हे काय, सरबत?" मी विचारलं.

"प्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आधी ऐका."

मग त्यांनी सांगितलं. कुपीत अंड्यातल्या पिल्लाच्या मेंदूची पातळ चकती आहे. ती अजून जिवंत आहे. ती प्राणवायू घेते, तिने टाकलेला वायू कुपीतला क्षार पिऊन टाकतो, तसतशी कुपीतली हवा कमी होते आणि नळीतलं पाणी सरकतं. जितकं सरकलं तितकी तिची भूक. चार-पाच दिवसांच्या पिल्लाच्या मज्जापेशी अगदी थोडं खातात. पुढे त्यांना तंतू फुटायला लागले, एकमेकींना धरायला लागल्या, की भूक भराभर वाढते.

"आणि या कोवळ्या पेशींची हवा तोडली तर?" मी विचारलं.

"त्या थोडा वेळ काढतात. हवेशिवाय नुसती साखर फोडून भागवतात. तुमचा-माझा मेंदू म्हणजे विजेवरची गिरणी. करंट गेला की खलास. कोवळा मेंदू म्हणजे खेड्यातली चूल. जाळ दिसत नसला तरी राखेत विस्तव असतो."

मी म्हटलं, "छान. पण कोंबडीच्या पिल्लाची एवढी काळजी कशाला?"

त्यांनी आधी नळीवरचा आकडा वहीत टिपला. मग बोलल्या ते मला जसंच्या तसं आठवतं. विलायतेला जाण्याआधी त्या एका मोठ्या इस्पितळात होत्या. तिथला रिवाज असा, की जन्मलेलं मूल पटकन रडलं नाही, निळं पडलं, की दोन चापट्या मारायच्या आणि बाजूला ठेवून आईकडे वळायचं. एकदा असंच बाजूला ठेवलेलं मूल झाडूवाली बाई कपड्यात गुंडाळून घेऊन चालली होती. कॉरिडॉरमध्ये त्या मुलाने आचका दिला. ती किंचाळली. मोठे डॉक्टर हात धूत होते. मान न वळवता म्हणाले, "ते तसं होतं कधीकधी. पुढचा पेशंट!"

"पिल्लावरून बाळाचं छातीठोक सांगता येत नाही, हे मलाही कळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण एवढं तर सिद्ध करता येईल ना, की घाई करू नका? मला तेवढंच एक वाक्य पाहिजे. ते सगळ्या सुइणींना आणि सगळ्या नर्सांना सांगायचंय."

बस्. एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप! ते एक वाक्य लोकांपर्यंत पोचू नये म्हणून या देशातल्या किती शहाण्या माणसांनी जिवाचं रान केलं, तेच आता सांगतो.

* * *

एका शनिवारी शेठजी स्वतः संस्था बघायला आले. रावबहादूर जरीच्या फेट्यात. डॉक्टरीणबाईंना सूचना, की "तुम्ही बोलू नका, मी समजावतो."

आता या यंत्रात एक कुपी मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. लोणावळ्यात हवा घटकेत बदलते. धुकं आलं, घाटातला वारा फिरला, तर त्यानेही नळ्यांतलं पाणी हलतं. म्हणून त्या रिकाम्या कुपीवर हवेचा फरक बघायचा आणि बाकीच्यांतून तो वजा करायचा. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. सगळ्या नळ्यांतलं पाणी सरकत होतं आणि रिकाम्या कुपीचं जागच्या जागी.

शेठजींनी बरोबर त्याच कुपीवर बोट ठेवलं. "ही का हलत नाही?"

रावबहादूरांना ठाऊक असेल तर शपथ! पण सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस अडतो होय? ते म्हणाले, "शेठजी, हाच तर आमचा शोध! बाकीचे मेंदू चंचल आहेत. हा मेंदू ध्यानस्थ आहे. याला प्राणवायूसुद्धा लागत नाही!"

शेठजींनी त्या रिकाम्या कुपीला हात जोडले. आमच्या दैनिकाच्या फोटोग्राफरने फोटो काढला आणि तो पहिल्या पानावर आला.

अब्बासभाई मला बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, या संस्थेत सगळ्यात जास्त मान कुणाला, कळलं का? जिच्यात काहीच न्हाई तिला!"

* * *

हे ध्यान फार दिवस चाललं नाही. पुढच्या खेपेला शेठजी न कळवता आले आणि थेट मागच्या दाराने आत शिरले. टेबलावर फोडलेली अंडी. शेठजींच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"मेंदू संशोधन म्हणजे अंडी?" ते दोन पावलं मागे सरले. "मग फोडल्यावर पिल्लाचं काय होतं?"

रावबहादूर असते तर त्यांनी पिल्लाला मोक्ष दिला असता. डॉक्टरीणबाई खरं बोलल्या. "मरतं. त्या बदल्यात माणसाचं मूल जगेल असं मला वाटतं."

शेठजी वाईट माणूस नव्हते. खुर्ची ओढून बसले, अंड्यांकडे पाठ केली. शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं चुकतंय असं मी म्हणत नाही. पण देणगी माझ्या आईच्या नावाची आहे. तुम्ही हेच काम शेंगदाण्यावर का करत नाही? त्यालाही कोंब फुटतो!"

"शेंगदाण्याला मेंदू नसतो, शेठजी."

शनिवार असल्यामुळे रावबहादूर तेवढ्यात पोचले होते. ते दारातूनच ओरडले, "उत्तम सूचना! सोमवारपासून शेंगदाणे!"

आणि खरंच, पुढे कित्येक महिने पुढच्या हॉलमध्ये बशांमधून शेंगदाणे भिजत घातलेले असत आणि खरं काम मागच्या खोलीत पडदा ओढून चाले. चोरून दारू गाळतात तसं या बाई चोरून विज्ञान गाळत होत्या. पाहुण्यांना शेंगदाणे दाखवले जात. एका निवृत्त न्यायाधीशांनी त्यातले मूठभर खाल्ले आणि अभिप्राय दिला, "संशोधन रुचकर आहे!"

* * *

विजेचं ऐका. वलवणचं धरण बंगल्याच्या इतकं जवळ, की सांडव्याचा आवाज ऐकू यावा. मावळातल्या माणसांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या पाण्यावर वीज तयार झाली आणि घाट उतरून मुंबईला गेली. जमिनी देणारे कंदिलाखाली बसले. यावर मी लिहायचो आणि संपादक ते कापायचे, ते जाऊ द्या.

बंगल्यात करंट होता, पण तो लहरी. मोटर मध्येच थांबली की कुप्या हलायच्या थांबत, चकतीला हवा नीट मिळत नसे आणि सगळा दिवस फुकट. डॉक्टरीणबाई विजेच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेल्या. मी सोबत होतो. तिथल्या हेडक्लार्कने पान जमवता जमवता सगळं ऐकून घेतलं.

"बाई, वीज मुंबईसाठी आहे," तो समजुतीने म्हणाला. "तुमच्याकडे येते ती चुकून. चूक रोज रोज कशी होणार?"

परत आल्यावर अब्बासभाईंनी सोडावॉटरच्या कारखान्यातलं जुनं चाक आणून टाकीला जोडलं. करंट गेला की ते आणि डॉक्टरीणबाई आलटून पालटून हाताने फिरवत. मी गेलो की मलाही बसवत. "बी.ए. झालाय ना?" डॉक्टरीणबाई म्हणायच्या. "मग फिरवा. डिग्रीचा आजवर दुसरा उपयोग झालेला दिसत नाही."

* * *

अंडी उबवायची विजेची पेटीही याच करंटने मारली. मग जिवंत कोंबड्यांना पर्याय उरला नाही. टाकवे बुद्रुकला हौसामावशी होत्या. घरची शेती, अंगणात खंडीभर कोंबड्या आणि खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी ओळखण्यात पटाईत. त्या अंडी बसवायच्या. कोणत्या दिवशी कोणती बसवली ते कळावं म्हणून डॉक्टरीणबाईंनी युक्ती काढली होती. एका खेपेच्या अंड्यांवर कोळशाची एक रेघ, दुसऱ्या खेपेला दोन. अब्बासभाई कामशेतपर्यंत गाडीने आणि पुढे पायी जात, आणि हवी ती अंडी भुशात घालून, वर घोंगडं टाकून घेऊन येत.

एकदा विद्यापीठाकडून एक प्रोफेसर तपासणीला आले. त्यांच्या शिफारशीवर पुढचं काम अवलंबून होतं. शेठजींचं मन शेंगदाण्यात अडकल्यामुळे दुसरा आधार पाहिजेच होता. डॉक्टरीणबाईंनी जय्यत तयारी केली. "हे पिल्लू पंधरवड्याचं आहे. पिसं आलेली दिसतील," असं म्हणून त्यांनी रेघ असलेलं अंडं फोडलं.

बशीत स्वच्छ पिवळाधमक बलक! दुसरं फोडलं. तेही तसंच. तिसरं फोडलं.

प्रोफेसर घड्याळ बघत म्हणाले, "बाई, थोडा कांदा असेल तर मी थांबतो."

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे टाकव्याला. हौसामावशींना विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या.

"अवो, ह्यो अब्बासभाऊ येतो आन् तिच्या पोटाखालची अंडी काडून नेतो. कोंबडीला कसं वाटंल? ती बिचारी हितं तितं हुडकत बसती. मंग मी तितं ताजी ठिवते."

"पण मावशी, त्यांच्यावर रेघ कशी आली?"

"मीच वडली की! बाकीच्यांवर रेघ आन् ह्यांच्यावर न्हाई, तर तिला लगीच कळंल, ही आपली न्हाईत. लय हुशार असतीया कोंबडी!"

मी कपाळावर हात मारला. अब्बासभाई भिंतीकडे तोंड करून उभे. डॉक्टरीणबाई मात्र अंगणातच मटकन बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मावशी, तुमचं बरोबर आहे हो," त्या म्हणाल्या. "कोंबडीला कसं वाटेल, हे मी यंत्रात धरलंच नव्हतं."

त्यानंतर मावशींनी रेघ ओढणं बंद केलं. ताजी अंडी ठेवणं मात्र बंद केलं नाही. प्रोफेसरांच्या अहवालात एकच ओळ होती. कामात शिस्त नाही. मदतीची शिफारस करता येत नाही.

कोंबडीचा विचार करणारी एक बाई मावळात निघाली. बाईचा विचार करणारा विद्यापीठात एकही निघाला नाही.

* * *

आता माझ्या धंद्यातल्या शहाण्यांचा किस्सा. काम जमत आलं होतं. डॉक्टरीणबाईंना हवं ते वाक्य मिळालं होतं, आणि ते छापायचं काम मी अंगावर घेतलं. साध्या भाषेत, सुइणींना वाचून दाखवता येईल असा लेख लिहिला. मूल रडलं नाही तरी लगेच टाकू नका. घसा साफ करा, तोंडाने हळू हळू हवा द्या, थोडा वेळ करत राहा. कोवळा मेंदू आपल्यापेक्षा जास्त वेळ काढतो असं दिसतं.

संपादकांनी वाचला. "बाळंतपण? पहिल्या पानावर? घरोघरी पेपर जातो आपला!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

"स्त्रियांच्या सदरात टाकू."

स्त्रियांचं सदर बघणारे गृहस्थ शुद्ध शाकाहारी आणि अविवाहित. त्यांना बाळंतपण नको होतं. त्यांनी तो भाग कापला. मेंदू समजला नाही, तोही कापला. उरली अंडी. रविवारी सकाळी मी पेपर उघडला. लोणच्याची कृती आणि तांब्याची भांडी घासण्याची युक्ती यांच्यामध्ये, 'अंडी ताजी कशी ओळखावीत?'

मी ऑफिसात जाऊन टेबलावर हात आपटला. संपादक शांतपणे म्हणाले, "का? छापलं की!"

डॉक्टरीणबाईंना तो अंक दाखवायची मला लाज वाटत होती. अब्बासभाईंनी आधीच दाखवला होता. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. प्रोफेसरांना पाठवून द्या. त्यांच्या उपयोगाचं आहे."

* * *

बेचाळीसच्या धामधुमीत घाटातल्या रेल्वेलाइनवर पहारे बसले. कुणीतरी खबर दिली, की वलवणच्या रस्त्यावर एका बंगल्यात पडद्याआड एक बाई आणि एक माणूस काचेच्या नळ्या, गॅसची नळकांडी आणि जर्मन यंत्र घेऊन बसलेले असतात. पोलीस इन्स्पेक्टर फौजफाटा घेऊन आला. मी नेमका चाक फिरवत होतो.

"हे काय आहे?"

"प्राणवायू मोजतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"नवं जन्मलेलं मूल वाचावं म्हणून."

इन्स्पेक्टरने सगळ्या खोलीवर नजर फिरवली. कुठे मूल दिसेना. शेंगदाणे दिसले. त्याचा संशय बळावला. "याचा सरकारला काय उपयोग?"

"सरकार जन्मलं तेव्हा रडलं होतं का, त्याच्यावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग काय, कुप्या, नळ्या, क्षाराच्या बाटल्या, प्राणवायूचं नळकांडं, सगळं जप्त! बऱ्याच दिवसांनी यंत्र परत आलं, तेव्हा निम्म्या नळ्या फुटलेल्या. उरलेल्या कुप्या मात्र लखलखीत. एक हवालदार कौतुकाने सांगत होता, "आमच्या मंडळींनी राखेनं घासून दिल्यात. लय मळल्या व्हत्या!" आतून मापं घेतलेल्या, बाळासारख्या जपलेल्या कुप्या त्या! चरे पडून वाया गेलेल्या. नव्या मागवायच्या तर जर्मनीहून, आणि जर्मनीशी लढाई. नळकांडं तर लष्कराने ठेवूनच घेतलं.

रावबहादूर त्या शनिवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. त्यांनी इन्स्पेक्टरकडे निरोप पाठवला होता, की संस्थेत काय चालतं याची आपल्याला कल्पना नाही. त्यांनी आयुष्यात बोललेलं हे एकमेव खरं वाक्य!

* * *

पण कल्पना नसलेल्या कामाचा निबंध लिहायला त्यांना अडचण आली नाही. आधीच्या सगळ्या वर्षांचे आकडे दर शनिवारी सही करताना ते पुण्याला नेत असत. एके दिवशी परदेशातल्या एका मासिकाचा अंक बंगल्यावर आला. कोवळ्या मज्जापेशी आणि त्यांची प्राणवायूची भूक, लेखक रावबहादूर. एकटेच.

डॉक्टरीणबाईंनी उभ्या उभ्या पानं उलटली. वाक्य होतं का, तेच त्या शोधत होत्या. नव्हतं. 'घाई करू नका' एवढंच तेवढं वगळलं होतं. रावबहादूरांच्या मते ते शास्त्रीय नव्हतं.

मी शेवटचं पान बघितलं. आभारात डॉक्टरीणबाईंचं नाव होतं. "मिस दामले यांचे, अंडी पुरवल्याबद्दल."

अब्बासभाई म्हणाले, "आणि हौसामावशी?"

* * *

प्रयोगशाळा बंद झाली. शेठजींनी त्याच बंगल्यात आईच्या नावाने प्रसूतिगृह काढलं. चांगलं काम. मी त्याची बातमीही चांगली दिली. रावबहादूर पुन्हा उगवले, या खेपेला मुख्य सल्लागार म्हणून. डॉक्टरीणबाईंनी नोकरी मागितली नाही. फक्त आपलं वाक्य भिंतीवर लावू द्या, म्हणाल्या. रावबहादूर म्हणाले, "इथले नियम मोठ्या इस्पितळांवरून घेतलेले आहेत. ते आपण बदलणारे कोण?"

उद्घाटनाला अंगणात मांडव, लाउडस्पीकर, पाहुण्यांना सोडा. सोडा द्यायला अब्बासभाई. डॉक्टरीणबाईंना आमंत्रण होतं, शेवटच्या रांगेत. मी त्यांच्या शेजारी. उद्घाटन त्या दिवशी असलं तरी बायका काही मुहूर्त बघून अडत नाहीत. आत खाटा आधीच भरलेल्या होत्या.

रावबहादूर बोलायला उभे राहिले. विषय, 'नवजात अर्भकाचा मेंदू आणि माझे संशोधन.' रंगात आले होते. इतक्यात बंगल्याच्या मागच्या बाजूने वलवणची एक म्हातारी पदर तोंडाशी धरून आली. तिची सून आत होती. समोर अब्बासभाई दिसले, त्यांनाच म्हणाली, "भाऊ, प्वार झालं वो. पन रडलंच न्हाई. त्येला बाजूला ठिवलंय."

अब्बासभाईंनी हातातला ट्रे माझ्या मांडीवर ठेवला आणि डॉक्टरीणबाईंकडे नुसतं बघितलं. त्या उठल्या. मीही दारापर्यंत गेलो.

खिडकीजवळच्या टेबलावर कापड टाकलेलं. नर्स आईकडे वळलेली. "बाई, तुम्ही कोण?" ती दचकली. "नियमाप्रमाणे बाजूला ठेवलंय ते. गेलंय."

डॉक्टरीणबाईंनी कापड काढलं. मूल निळंसर, लोळागोळा. त्यांनी करंगळीला फडकं गुंडाळून त्याचा घसा साफ केला, तोंड त्याच्या तोंडावर ठेवलं आणि फुंकर घातल्यासारखी हळू हवा दिली. थांबल्या. पुन्हा दिली. पाठ चोळली. पुन्हा दिली. बाहेर टाळ्या पडत होत्या.

"सोडा आता, बाई," नर्स रडवेली झाली. "मला बोल लागेल."

"भाषण संपलं का?" डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग कुणाचं लक्ष नाही. माझ्याजवळ भरपूर वेळ आहे."

 खाटेवरची सून दांडी घट्ट धरून फक्त डॉक्टरीणबाईंच्या पाठीकडे बघत होती. म्हातारी दारात माझा कोट पकडून उभी. मी आजवर फाशीच्या बातम्या दिल्यात, पण असा उभा कधी राहिलो नाही.

लाउडस्पीकरवर रावबहादूर सांगत होते, की हवेवाचून कोवळा मेंदू किती काळ तग धरतो, हे जगाला प्रथम लोणावळ्याने दाखवलं.

आधी मांजराचं पिल्लू अडकावं तसा आवाज आला. मग एक उचकी. आणि मग त्या बाळाने असा काही टाहो फोडला, की खिडकीतून थेट मांडवात!

सभा चुळबुळली. रावबहादूर थांबले. त्यांनी चष्मा काढला, खिडकीकडे बघितलं आणि लाउडस्पीकरमध्ये गरजले,

"कोणाचं मूल आहे ते? जरा बाहेर घेऊन जा पाहू! इथे महत्त्वाचं चाललंय!"